खाडीचा कारभार

यंदा आमच्या मनात खाडी आहे, आणि ती आधी केरळातली आहे.

कोल्लमजवळच्या अष्टमुडीच्या खाऱ्या पाण्यात आपल्या तिसऱ्या मिळतात. १९८०च्या दशकात परदेशातून मागणी आली, उपसा बेसुमार वाढला आणि १९९३पर्यंत उत्पादन निम्म्यावर आले. मग शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात काढणी बंद झाली, जाळ्याचा आस ठरला. असे नियम कागदावर कुठेही सापडतील. इथे ते रुजले, कारण यंदा राखलेल्या तिसऱ्या पुढच्या हंगामात राखणाऱ्याच्याच होडीत येत होत्या. पुढे तिसऱ्या काढणारे, जिल्हा प्रशासन आणि शास्त्रज्ञ एकाच परिषदेत बसू लागले. २०१४ साली 'मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल'चे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळवणारी ही भारतातली पहिली मासेमारी ठरली.

नंतर मात्र तिसऱ्या पुन्हा घटल्या. पाणीच बिघडत गेले. जाळे आवरणे मच्छीमारांच्या हाती होते. खाडीत येणारी घाण अडवणे नव्हते.

आपल्याकडे २०२३मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरले. दोन्ही निर्णय चांगलेच. पण लहान पापलेट बंदरावर मोजले जाते तेव्हा ते मेलेले असते. ते वाचायचे तर जाळे टाकण्यापूर्वी, तांडेलाने आस आणि जागा ठरवतानाच. तो निर्णय कोळीवाड्यात होतो, म्हणून नियम ठरवतानाही कोळीवाडा हवा. नुसती हरकती-सूचनांची मुदत देऊन भागणार नाही.

आणि जाळ्यापाशी थांबूनही चालणार नाही. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला हरित लवादाकडे जावे लागले. ज्यांची उपजीविका पाण्यावर आहे त्यांना पाण्याबद्दल बोलायला न्यायालयाचीच पायरी का चढावी लागावी?

आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक खाडीची एक समिती असावी, तिला बंदीचा काळ ठरवण्याचा आणि सांडपाण्याचा हिशेब मागण्याचा अधिकार असावा. तिच्यात होडीवाल्यांइतक्याच जागा, ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना मिळाव्यात. होडीची नोंदणी नसल्याने त्यांतल्या अनेकींचे नाव आज मच्छीमारांच्या यादीतही नसते. सुरुवात त्या यादीपासून करता येईल.