परवाना आहे, घाट येतो का?

ज्या गिअरने पसरणी घाट चढलो त्याच गिअरने उतरायचे, हे वाईचा कोणताही जुना चालक सांगेल. पाचगणीला कॉलेजच्या ट्रेक क्लबची मिनीबस आणणाऱ्या हौशी विद्यार्थ्याला ते कोण शिकवतो? शैक्षणिक संस्थेची बस कायद्याने परिवहन वाहन. चालकाचे वय किमान २० हवे. साडेसात टनांपर्यंत हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले. कागद पुरला, पण तापलेल्या ब्रेकचा वास कागदाला येत नाही. शेजारच्या आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोली कृषी विद्यापीठाची सहलीची बस कोसळून सुमारे तीस कर्मचारी गेले. क्लबांनी निदान रिकाम्या बसने, अनुभवी चालक शेजारी बसवून, घाट आधी करून घ्यावा. तोही एकदा पावसात, एकदा धुक्यात.