मुलूख जुना, हात नवा

सिनेमाचा दुसरा भाग आला की आपण काय म्हणतो? 'पहिल्याची सर नाही!' व्हिडिओ गेमचंही तसंच असतं. म्हणून २०२३ च्या मे महिन्यात निन्टेन्डोचा 'द लेजंड ऑफ झेल्डा : टीअर्स ऑफ द किंगडम' आला, तेव्हा बऱ्याच खेळाडूंच्या मनात पाल चुकचुकली होती. हा २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा पुढचा भाग. नायक तोच लिंक, राजकन्या तीच झेल्डा, आणि हायरूलचं राज्यही तेच! तेच डोंगर, त्याच नद्या. सहा वर्षं वाट पाहायची, सत्तर डॉलर मोजायचे आणि पाहिलेलंच पुन्हा पाहायचं?

दोन्ही खेळ खेळून झाल्यावर सांगते, मुलूख जुना असला तरी लिंकचा उजवा हात नवा आहे. सगळी गंमत त्या हातात आहे.

या हाताने दुरूनच ओंडका उचलायचा, फिरवायचा नि दुसऱ्याला चिकटवायचा. ओंडके जोडले की तराफा, फळीला चाकं लावली की गाडी. तराफ्याला पंखा लावला की तो पळायला लागतो. पण पंखा मधोमध न लावता कडेला लावलात, तर तराफा नुसता गिरक्या घेत बसतो बरं का! पहिल्या खेळात चांगली तलवार थोड्याच घावांत मोडायची, तेव्हा फार चिडचिड व्हायची. हत्यारं आताही मोडतात. पण साध्या काठीला दगड चिकटवला की झाला हातोडा! आभाळातून पडलेल्या शिळेवर चढून तिचा काळ उलटा फिरवला, की ती आपल्याला घेऊन वर निघते. शिवाय छतातून आरपार वर जाता येतं ते वेगळंच.

वस्तू जोडण्याच्या या शक्तीचं नाव अल्ट्राहँड. हे नाव जुनं आहे. क्योतो शहरातल्या निन्टेन्डोच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करणाऱ्या गुनपेई योकोई यांनी करमणूक म्हणून लांबवून वस्तू पकडायचा एक चिमटा बनवला होता. कंपनीच्या प्रमुखांनी तो पाहिला आणि १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' नावाने बाजारात आणला. दहा लाखांहून जास्त खपला तो!

आता जुन्या मुलखाचं. राज्याच्या वर आकाशात बेटं आली आहेत, आणि खाली तेवढंच मोठं काळंकुट्ट पाताळ आहे. तिथे पहिल्यांदा उतरले तेव्हा हातभर पुढचंही दिसेना. हळूहळू लक्षात आलं, वर डोंगर असेल तिथे खाली दरी आहे. वर नदी असेल तिथे खाली भिंत. जमिनीवर कोड्यांची १२० देवळं आहेत, आणि प्रत्येकाच्या नेमकं खाली पाताळ उजळणारी एक मूळी! वरचा नकाशा ज्याला पाठ, तो अंधारातही चुकत नाही. तोच नकाशा पुन्हा दिला म्हणून मी नाक मुरडलं असतं, पण इथे तो दिवटीसारखा कामी आला.

सगळंच छान आहे असं मात्र नाही. चार मोठ्या मोहिमा संपल्यावर चारही वेळा जवळजवळ तीच जुनी लढाईची कथा ऐकवतात. चौथ्यांदा मी चहा टाकून आले. गोष्टीचे तुकडेही आधी कुठला सापडेल याचा नेम नसल्यामुळे मोठं गुपित वेळेआधीच फुटू शकतं. आणि बटणं इतकी, की बोटांचा गुंता होतो.

पालकहो, लढाया आहेत, पण रक्तपात नाही. अमेरिकेत हा खेळ दहा वर्षांपुढच्यांसाठी ठरवलाय, युरोपात बारा. माझ्या मते बारा बरं, कारण शेवटचा खलनायक चांगलाच भेसूर आहे. तो निन्टेन्डोच्या स्विच यंत्रांवरच चालतो, फोनवर नाही. पूर्ण करायला कित्येक आठवडे लागतील. मात्र खेळ जवळजवळ कुठेही थांबवून जतन करता येतो. तेव्हा 'मध्येच कसा बंद करू?' ही सबब जेवायला हाक मारल्यावर अजिबात ऐकू नका.