सरासरीवर होडी चालत नाही

शाळेत अरबी समुद्राच्या नकाशात किनाऱ्यालगत प्रवाहाचा एक बाण काढायचो. पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. इंदापूरपासून समुद्र दोनेकशे किलोमीटर, त्यामुळे मार्क मिळाले आणि बाण विसरलो.

पुढे वाचनात आलं की गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रात यंत्रं नांगरून ठेवली. ती ध्वनिलहरी सोडतात आणि परत येणाऱ्या आवाजावरून पाण्याचा वेग काढतात. दिसलं काय? भरती-ओहोटीने प्रवाह रोज झुलतोच, पण काही आठवड्यांतही उलटतो. ऐन हिवाळ्यात मध्येच दक्षिणेकडे वाहू लागतो. कारणही नेहमी इथलंच नसतं. पार श्रीलंकेकडच्या वाऱ्याने उठलेली लाट किनारा धरून आपल्यापर्यंत पोचते.

म्हणजे नकाशातला बाण खोटा नाही, तो सरासरी आहे. पण होडी सरासरीवर चालत नाही, आजच्या पाण्यावर चालते!

हे आठवायचं कारण आमची उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. ११७ टीएमसी पाणी, आमच्यासाठी समुद्रच. इथे भरती-ओहोटी नाही, पण वारा आहे. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहत काठाला लागला, सहाजण बुडाले. त्यानंतर जो तो म्हणायचा, "एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं." हीच ती सरासरी. वर्षानुवर्षं शांत असलेलं पाणी आज शांत असेलच असं नाही.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्रावरच्या कोळ्यांना लाटा, वारा आणि प्रवाह यांचा अंदाज देते. माझं मत साधं आहे. जिथे माणसं बोटीने पैलतीरी जातात, त्या प्रत्येक मोठ्या जलाशयालाही असा रोजचा अंदाज हवा. धक्क्यावर लाल झेंडा हवा आणि तो लागला की बोट सुटता कामा नये, मग पाहुणे कितीही खोळंबोत. वारा मोजायला फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती दुपारी शांत दिसणाऱ्या पाण्यावर संध्याकाळसाठी विश्वास न ठेवण्याची सवय.

असो. उजनी बघायला येणाऱ्या नातेवाईक मंडळींनो, जरूर या. पण बोटीत बसण्याआधी आकाशाकडे बघा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. लाजू नका.