विश्लेषण : परदेशी विद्यापीठ नवी मुंबईत, जोखीम भिवंडीच्या घरात?

जून २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या कार्यक्रमात अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी या पाच संस्थांना भारतात शैक्षणिक संकुल उभारण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबईत विमानतळाजवळ ‘एज्युसिटी’ उभारण्याची राज्य सरकारची योजना आहे. भिवंडीतील यंत्रमागधारक किंवा गोदामात नोकरी करणाऱ्या पालकासाठी याचा अर्थ सरळ आहे : मुलाला लंडनला न पाठवता, घरी राहून परदेशी पदवी. पण अशा संस्थांपुढे असलेली कायद्याची आणि कराची जोखीम शेवटी कोणाच्या माथी पडते, हे फी भरण्याआधी समजून घ्यायला हवे.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) यासंबंधीची नियमावली नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेली किंवा एखाद्या विषयात तशी क्रमवारी असलेली संस्था येथे संकुल उघडू शकते. इथली पदवी मूळ देशातील पदवीच्या तोडीची असावी लागते. ऑनलाइन तासिका अभ्यासक्रमाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. फ्रँचायझी किंवा अभ्यास केंद्र काढता येत नाही. यूजीसीच्या पूर्वपरवानगीशिवाय अभ्यासक्रम वा संकुल बंद करता येत नाही आणि तशी वेळ आलीच तर विद्यार्थ्यांची पर्यायी सोय करण्याची जबाबदारी मूळ संस्थेची असते.

मग फसगत कुठे होते?

इरादापत्र म्हणजे अंतिम परवानगी नव्हे, आणि ‘परदेशी विद्यापीठाशी करार’ ही जाहिरात म्हणजे यूजीसीची मान्यता नव्हे. काही एडटेक कंपन्या व महाविद्यालये मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांच्या पदव्या देत असल्याबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये सावध केले होते. अशी पदवी नोकरीच्या किंवा पुढच्या प्रवेशाच्या वेळी कागदाचा तुकडा ठरते. फ्रँचायझी पद्धतीने घेतलेल्या परदेशी पदवीला समकक्षताही मिळत नाही.

कराचा प्रश्न विद्यार्थ्याचा कसा?

मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षणावर जीएसटी नाही. कायद्याने मान्य नसलेल्या प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला मात्र ही सूट नाही; तिथे १८ टक्के कर लागू होतो. म्हणजे पाच लाखांच्या फीवर ९० हजार रुपये जास्त. मान्यतेचा वाद पुढे उपस्थित झाला, तर या कराचा बोजा कोणी उचलायचा, हे प्रवेशाच्या करारातील बारीक अक्षरांवर ठरते.

प्राप्तिकराचे गणित वेगळे आहे. भारतातील परदेशी कंपनीच्या नफ्यावर मूळ कराचा दर ३५ टक्के आहे. शैक्षणिक संस्थेला करमाफी हवी असेल तर तिचे एकमेव उद्दिष्ट शिक्षण हेच असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटी प्रकरणात स्पष्ट केले. त्याआधी २००२ च्या टीएमए पै निकालाने वाजवी शिल्लक चालेल, पण नफेखोरी नाही, अशी रेषा आखली होती. ही रेषा नेमकी कुठे, यावर प्राप्तिकर खाते आणि संस्था यांचे वाद वर्षानुवर्षे चालतात. हिशेब चुकला की कंपनीपुढे दोनच वाटा उरतात : फी वाढवणे किंवा गाशा गुंडाळणे.

कंपनी निघून गेली तर?

हे काल्पनिक नाही. अमेरिकेच्या लॉरिएट या शिक्षण कंपनीने काही वर्षांपूर्वी भारतातून अंग काढून घेतले. तिच्याशी जोडलेल्या पर्ल अकॅडमी आणि देहरादूनची यूपीईएस या संस्था ग्लोबल युनिव्हर्सिटी सिस्टिम्सकडे गेल्या. वर्ग बंद पडले नाहीत, हे चांगलेच झाले. पण मालक बदलण्याचा निर्णय विद्यार्थ्यांना विचारून झाला नव्हता. शेअर बाजारात नोंद असलेली अशी कंपनी वार्षिक अहवालात गुंतवणूकदारांना कायदा, परवाने, कर आणि चलनाची जोखीम पानोपानी सांगते. विद्यार्थ्याच्या हाती मात्र काचेच्या इमारतीचा फोटो असलेले माहितीपत्रक पडते.

काय करायला हवे?

२०१० मध्ये लोकसभेत आलेल्या परदेशी शिक्षणसंस्था विधेयकात किमान ५० कोटी रुपयांच्या निधीची अट होती आणि शिल्लक रक्कम परदेशी नेण्यास मनाई होती. ते विधेयक बारगळले. २०२३ च्या नियमावलीत अशा निधीची अट नाही. पैसा परत नेण्याचा प्रश्न ‘फेमा’ कायद्यावर सोपवला आहे. नफा नेण्याची मोकळीक दिल्याशिवाय नामांकित संस्था येणार नाहीत, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण दार उघडताना कडी काढून फेकण्याची गरज नव्हती. संस्था बंद पडल्यास फी परत देता येईल एवढी ठेव भारतीय बँकेत ठेवण्याची अट आजही घालता येईल. प्रवेशाआधी किमान ६० दिवस माहितीपत्रक प्रसिद्ध करणे बंधनकारक आहेच. त्यात मान्यतेची स्थिती, कराचा भार आणि संस्था बंद पडल्यास काय, ही तीन उत्तरे सोप्या मराठीत, हिंदीत आणि उर्दूत छापायला लावणे तर आणखी सोपे.

साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. भिवंडीत ते तारण अनेकदा राहते घर किंवा यंत्रमागाचा गाळा असतो. कंपनीचा डाव फसला तर तिच्या ताळेबंदात एक तोट्याची ओळ वाढते. इथे घराचे कागद बँकेत अडकून पडतात. ज्याच्याकडे गमावण्यासारखे सर्वांत कमी आहे त्यालाच सर्वांत कमी माहिती, हा व्यवहार परदेशी पाटी लावल्याने न्याय्य होत नाही. तोवर पालकांनी एवढे करावे : यूजीसीच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव तपासावे, फी परताव्याची अट लेखी घ्यावी आणि मगच कर्जाच्या अर्जावर सही करावी.