तारली, बूताई आणि सार्डिनेला

गेल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या पुढच्या मुलीसमोर एक बरणी आली. फॉर्मॅलीनमध्ये राहून माशाचा रंग पार उडाला होता. तरी तिने क्षणात सांगितले, "तारली." तिचे आजोळ मालवणचे. पण 'सार्डिनेला लाँजिसेप्स' हे नाव काही तिला आठवेना, आणि गुण गेले. मला ते मिळाले. खरे सांगायचे तर बाजारात मी तो मासा ओळखला नसता. मला नाव पाठ होते, मासा नव्हे!

शास्त्रीय नाव नको, असे मी म्हणत नाही. मराठी विभागातली तारली आमच्या कन्नड विभागातल्या मंगळूरच्या मित्राची बूताई, आणि केरळात गेली की मत्ती. हे तीन मासे नसून एकच आहे, हे लॅटिन नावामुळेच कळते.

आणि वर्गीकरण ही केवळ पाठांतराची बाब नव्हे. टेम्स नदीच्या मुखाशी 'व्हाइटबेट' नावाचे बोटभर चंदेरी मासे खवय्यांसाठी पकडले जात. एकोणिसाव्या शतकात विल्यम यॅरेल यांनी ती स्वतंत्र जाती मानून तिला 'क्लुपिया आल्बा' असे नाव दिले. पुढे उलगडा झाला की, ती हेरिंग आणि स्प्रॅट यांची पिल्ले! हे दोघे इतके सारखे की १७५८ साली लिनीयसने त्यांना एकाच वंशात घातले होते. पोटावरचे पर पाठीवरच्या पराच्या आरंभाखाली किंवा किंचित पुढे असले तर स्प्रॅट, मागे असले तर हेरिंग. फरक एवढासाच, पण त्याचा अर्थ मोठा. पूर्ण वाढलेली लहान जात म्हटली की ताटात घ्यायला काही वाटत नाही. पिल्ले म्हटली की उद्याचा विचार करावा लागतो.

आपल्या तारलीची गोष्ट वेगळी नाही. ती पावसाळ्यात अंडी घालते, वर्षभरात सुमारे १५ सेंटिमीटर वाढते आणि दोन-अडीच वर्षांत तिचे आयुष्य सरते. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली. २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. यात समुद्राच्या लहरीचा वाटा मोठा आहे. १९४० च्या दशकातही ती अशीच दिसेनाशी झाली होती. पण संकटाच्या वर्षी पिल्लेही उपसली, तर सावरायला उरणार कोण? म्हणूनच केरळ सरकारने १० सेंटिमीटरांहून लहान तारली पकडण्यास बंदी घातली आहे.

आता प्रश्न असा की, हा नियम पाळायचा कोणी? आदेशात शास्त्रीय नाव असते, टोपलीत मासा असतो. टोपलीतली तारलीची पिल्ले कोणती आणि तिच्याच वंशातले पेडवे कोणते, हे सांगणारा माणूस बंदरावर हवा. तो आमच्यासारख्या पाठांतरवीरांतून निर्माण होणार नाही. आणि माझ्या मैत्रिणीसारख्यांना पहिल्याच परीक्षेत आपले ज्ञान कुचकामी वाटले, तर त्यांच्यातूनही होणार नाही.

म्हणून प्राध्यापकांना नम्र सूचना. प्रात्यक्षिकाच्या वहीत शास्त्रीय नावाखाली मराठी, कन्नड आणि कोकणी नावे लिहून घ्यावीत व त्यांना निदान अर्धा गुण ठेवावा. वर्षातून एकदा वर्ग मासळी बाजारात भरवावा. तिथे शिकवायला कोळणी आहेतच. आपण फक्त वही घेऊन जायचे.

— एक विद्यार्थी, बी. एस्सी. भाग ३