चिखल कुणी उपसायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने जे रूप दाखवले ते आपल्या जिल्ह्याने विसरू नये. एरवी अहिल्यानगर शहराच्या कडेने गटाराचे पाणी वाहून नेणारी ही नदी कर्जत, करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतून भीमेला मिळेपर्यंत उभी पिके आणि शेताची माती घेऊन गेली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पंचनामे झाले. खरवडलेल्या जमिनीचा, वाहून गेलेल्या जनावराचा, पडलेल्या घराचा दर ठरला. हे व्हायलाच हवे होते. शेतकऱ्याला मिळते ती भीक नव्हे, तो त्याचा हक्क आहे. परंतु या हिशेबात एक रकाना दिसत नाही. पाणी ओसरल्यावर बाजारातला, शाळेतला, दवाखान्यातला चिखल ज्याने उपसला त्याचा रकाना! पूर कुणावर आला हे सरकार विचारते. पुरानंतरची घाण कुणी काढली हे मात्र विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते.

हे उत्तर डोळ्यांत भरले ते महाडमध्ये. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पूर ओसरला तेव्हा बाजारपेठेत चिखलाचे थर होते. त्यात कुजलेले धान्य होते, मेलेली जनावरे होती, गटारातून वर आलेला मैला होता. कोरोनाचा काळ अजून संपलेला नव्हता. नगरपालिकेच्या मूठभर कामगारांना हे काम पेलणारे नव्हते. म्हणून ठाणे, नवी मुंबई, मुंबई या महापालिकांची सफाई पथके महाडला पाठवण्यात आली. या माणसांनी फावडे-घमेले हातात घेतले आणि महाडचे रस्ते मोकळे केले. त्यांचे कौतुकही झाले. पण त्या पथकांत कोण होते? महाराष्ट्रातील कोणत्याही महापालिकेच्या सफाई खात्याचे मस्टर उघडा आणि आडनावे वाचा. वेगळे संशोधन करण्याची गरज नाही.

आणि ते शहर महाड होते! १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरी अस्पृश्याला पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? १०८ घागरी पाणी बाहेर काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि ते पुन्हा तळ्यात ओतून तळे 'शुद्ध' केले. ज्यांच्या स्पर्शाने तळे बाटले, त्याच पायरीवरच्या समाजांच्या हातांनी ९४ वर्षांनी सारे महाड स्वच्छ केले. यात कोणाला काव्यगत न्याय दिसत असेल तर तो त्यांना लखलाभ असो. आम्हाला यात न्याय दिसत नाही. पाण्याचा हक्क आम्ही लढून मिळवला, उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत झगडून मिळवला. पण घाणीची वाटणी मात्र जशी होती तशीच राहिली, हेच यातून दिसते.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. जरूर आहे. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. परंतु त्या कायद्यातील 'धोकादायक सफाई' ही भूमिगत गटार आणि सेप्टिक टँक यांच्यापुरती आहे. पुराने तोच मैला रस्त्यावर आणून टाकला की तो कायद्याच्या दृष्टीने नुसता गाळ होतो. गाळ उपसणाऱ्याच्या पायाला जखम असेल तर त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हे २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईने भोगले आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता; पाणी गेले आणि मागून ताप आला. गमबूट, हातमोजे आणि वेळेवर दिलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी, एवढ्यावर जीव वाचू शकतो. तरीही आपण अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी गाळ काढणारी माणसे दर पावसाळ्यात पाहतोच.

त्यातही कायम कामगार वेगळा आणि कंत्राटी वेगळा. कायम कामगाराला निदान रजा आहे, उपचार आहेत. कंत्राटी कामगार आजारी पडला की त्याचा खाडा होतो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ न्यायालयीन लढा दिला, तेव्हा कुठे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, हा आधार आहेच. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी हीच वाट आहे, हेही चळवळीने विसरू नये.

हे केवळ भारतातच घडते असे नाही. मुंबईच्या प्रलयानंतर सुमारे महिनाभराने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कतरिना चक्रीवादळ अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सवर आदळले. बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोअर नाइन्थ वॉर्ड ही काळ्या कष्टकऱ्यांची वस्ती उद्ध्वस्त झाली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुश यांनी काय केले? सरकारी कंत्राटावरील बांधकाम मजुराला त्या भागातील प्रचलित दराने मजुरी देण्याचा कायदाच पूरग्रस्त भागात ८ सप्टेंबर रोजी स्थगित केला! विरोध झाल्यावर दोन महिन्यांनी त्यांना ती स्थगिती उठवावी लागली. तेथे वर्ण, येथे जात. संकटाच्या नावाखाली पहिली कात्री लागते ती राबणाऱ्याच्या हक्काला.

बाबासाहेबांनी पुराकडे कसे पाहिले, हे आपल्या अनेक कार्यकर्त्यांनाही माहीत नसते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रम खाते सांभाळताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांचा पाया त्यांनी घातला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी जास्तीचे पाणी हेच संकट आहे हा समज खोडून काढला. पाणी ही संपत्ती आहे, ते साठवा आणि वीज, सिंचन, जलवाहतूक यांसाठी वापरा, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे पूर हा दैवाचा कोप नसून नियोजनाचा प्रश्न आहे. आज आपली शहरे ओढे-नाले बुजवून इमारती उभ्या करतात, नदीपात्रात भराव टाकतात आणि पाणी घरात शिरले की निसर्गाला दोष देतात. बिल्डरने बुजवलेला नाला उपसायला मात्र झाडूवालाच लागतो.

सावेडीकरांना हे वेगळे सांगायला नको. शहराचा कचरा आपल्या दारात येऊन पडणे म्हणजे काय, तो पेटल्यावर धूर कुणाच्या घरात जातो, हे कचरा डेपोशेजारी राहिलेल्यांना विचारा. कचरा सगळ्या शहराचा असतो, दुर्गंधी मात्र ठरावीक वस्त्यांची असते.

म्हणून चळवळीने सत्काराच्या शाली आणि नारळ नाकारावेत आणि हक्क मागावेत. पुरानंतरची सफाई ही कायद्याने धोकादायक सफाई ठरवावी. यंत्र, संरक्षक साधने आणि प्रतिबंधक औषध असल्याशिवाय एकाही माणसाला गाळात उतरवू नये. कंत्राटी कामगारालाही कायम कामगाराइतकी मजुरी, विमा आणि आजारपणाची भरपगारी रजा मिळावी. ज्या सफाई कामगाराची स्वतःची झोपडी पाण्यात गेली, त्याला आधी स्वतःचे घर सावरू द्यावे आणि जागेचा उतारा नाही म्हणून त्याचा पंचनामा अडवू नये.

पुढचा पावसाळा येणारच आहे. आपल्या महापालिकेच्या घनकचरा विभागात किती गमबूट आहेत, किती कामगार कंत्राटी आहेत, औषधांचा साठा आहे की नाही, हे माहितीच्या अधिकारात आजच विचारा. एका अर्जाला दहा रुपये लागतात. पाणी चढल्यावर निवेदने देण्यापेक्षा हा खर्च स्वस्त आहे.

जय भीम!