विळा आणि तारे

भविष्याचे स्वप्न म्हटले की आपल्याला अवकाशयानेच आठवतात. १९५७ साली रशियाने पहिला स्पुटनिक सोडला. त्याच वर्षी इव्हान येफ्रेमोव्ह यांची ‘अँड्रोमिडा नेब्युला’ ही कादंबरी मासिकातून प्रसिद्ध झाली. शब्दकोश शेजारी ठेवून मी तिचा इंग्रजी अनुवाद वाचला. त्या पृथ्वीवर राष्ट्रे नाहीत, पैसा नाही. दूरच्या ताऱ्यांवरील लोकांशी संवाद चालतो. पण माझ्या मनात घर केले ते दार वेतेरने. अवकाशकेंद्रांचा हा प्रमुख पद सोडतो आणि समुद्राखालच्या टायटॅनियमच्या खाणीत राबतो. त्याला कोणी कमी लेखत नाही!

आमच्या वाशीमकडे याच्या अगदी उलट. सोयाबीन सोंगायला जाणारी माझी आई म्हणते, ‘शिक, म्हणजे विळा तुझ्या हाती येणार नाही.’ तिचे खरे आहे. कारण आपण मजुरीबरोबर अपमानही देतो.

येफ्रेमोव्हांचे एक मात्र मला पटत नाही. त्यांच्या जगात मुले आईबापांपासून दूर, शाळांतच वाढतात. ज्यांना मूल स्वतः वाढवायचे त्या आयांसाठी वेगळे बेट आहे. माझ्या निरक्षर आईवाचून मी कॉलेजची पायरी चढलेच नसते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, तेव्हा ही स्वप्नेही खोटी ठरली, असे म्हणतात. राज्य मोडले, प्रश्न मोडला का? उद्या पदवी घेऊन मी सोंगणीला गेले, तर गाव काय म्हणेल? ते भविष्य आपल्यापासून किती दूर आहे, हे त्या उत्तरावरूनच कळेल.